पायाचं बोट मोडलं: नोंद आणि कोड

विषय वाचून काही जण हसले असतील. पायाच्या बोटाचं फ्रॅक्चर, त्यात बोलण्यासारखं काय आहे? पलंगाच्या पायाला ठेच लागली, बोट सुजलं, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून दिलं, संपलं. दुखणं तसं लहानच आहे, पण नोंद कशी करावी हे समजून घ्यायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचणारे बरेच कोडर आहेत, आज समोरही दिसताहेत. म्हणून मी अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम पद्धतीबद्दल बोलतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे ती लागू झाली. त्याआधी बंद फ्रॅक्चर असेल तर ८२६.० आणि उघडं असेल तर ८२६.१, एवढ्यावर काम भागायचं. अंगठा की करंगळी, डावा पाय की उजवा, कोड विचारत नव्हता. आता विचारतो.

बघा कसं ते. अंगठ्याचं फ्रॅक्चर एस९२.४ मध्ये, बाकीच्या चार बोटांचं एस९२.५ मध्ये. पुढचा अंक सांगतो कुठलं पेर मोडलं. अंगठ्याला दोनच पेरं, बाकीच्या बोटांना तीन. (करंगळीची मधली आणि टोकाची पेरं अनेकांच्या पायात जन्मतःच जोडलेली असतात, पण तो शरीररचनेच्या वर्गाचा विषय झाला.) सहावा अंक दोन गोष्टी एकदम सांगतो: हाड जागेवरून सरकलंय का, आणि पाय कुठला. सातव्या जागी एक अक्षर येतं. म्हणजे उजव्या पायाच्या करंगळीचं बुडाचं पेर मोडलं, हाड सरकलं नाही, जखम नाही आणि उपचार चालू आहेत, तर कोड झाला एस९२.५१४ए. हाड सरकलेलं असेल तर एस९२.५११ए.

आता गोष्ट इथे अडते. डॉक्टरांनी नुसतं लिहिलं, ‘उजव्या करंगळीच्या बुडाच्या पेराला फ्रॅक्चर’. हाड सरकलं की नाही, काहीच नाही. नियम असा आहे की लिहिलेलं नसेल तर सरकलेलं धरायचं. उघडं की बंद ते लिहिलं नसेल, तर बंद धरायचं. हे दोन गृहीत नियम पाठ असलेच पाहिजेत, पण त्यांचा अर्थही लक्षात घ्या. केसासारखी बारीक रेघ असलेलं हाड कागदावर सरकलेलं होतं. डॉक्टरांनी फक्त पट्टी बांधली, उपचाराचा कोड २८५१०, म्हणजे हाड न हलवता केलेला बंद उपचार. निदान म्हणतं हाड सरकलंय, उपचार म्हणतो हात लावला नाही. असंही घडू शकतं, डॉक्टर तसा निर्णय घेतात. पण इथे तो निर्णय कोणी घेतलेलाच नाही. एक शब्द राहिला, एवढंच. तरी रुग्णाच्या कागदात ते कायमचं राहतं, आणि उद्या विमा कंपनीने किंवा नव्या डॉक्टरांनी विचारलं तर उत्तर कोणापाशी नसतं.

एक्स-रेचा रिपोर्ट असेल तर तो उघडा. बाह्यरुग्ण विभागात रेडिओलॉजिस्टने पक्कं लिहिलेलं निदान वापरता येतं. डॉक्टरांनी फ्रॅक्चर म्हटलंय आणि नेमकं पेर रिपोर्टमध्ये आहे, तर ते घ्या. पण फिल्म स्वतः बघून ठरवायचं नाही. आणि ‘फ्रॅक्चर असावं’, ‘शक्यता आहे’ असं लिहिलं असेल तर बाह्यरुग्णासाठी फ्रॅक्चरचा कोड द्यायचाच नाही. दुखणं, सूज, मुका मार, जे नक्की लिहिलंय तेवढंच. भरती झालेल्या रुग्णाचा नियम वेगळा आहे, त्यात आज शिरत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज सातव्या अक्षराचा. ‘ए’ म्हणजे पहिली भेट, असं बरेच जण धरून चालतात. नाव तसं आहे खरं, पण ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. रात्री इमर्जन्सीमध्ये पट्टी बांधली आणि दोन दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांनी तपासून उपचार ठरवले, तर तिथेही ‘ए’. मग हाड जुळतंय का हे बघायला बोलावलं, ती भेट ‘डी’. जुळायला उशीर होत असेल तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’. हे शेवटचे तीन डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय लावू नका. आणि फ्रॅक्चरच्या पुढच्या भेटींना देखभालीचा झेड कोड नको, सातवं अक्षर तेच काम करतं.

‘बी’ मात्र उघड्या फ्रॅक्चरचं अक्षर, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायला हवी. समजा पायावर जड वस्तू पडली. चार्टमध्ये लिहिलंय: नख उचकटलं, नखाखालचा भाग फाटला, धुऊन टाके घातले, टोकाच्या पेराला फ्रॅक्चर. वाचणाऱ्याला वाटतं, हे उघडंच आहे. जखम हाडापर्यंत पोचत असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वेगळा, औषधंही वेगळी. पण ‘उघडं’ हा शब्द नाही. कोडरने स्वतःच्या अंदाजाने ‘बी’ लावायचा नाही, आणि गृहीत नियम आहे म्हणून निमूट ‘ए’ लावून पुढे जाणंही मला पटत नाही. डॉक्टरांना विचारा. विचारताना उत्तर सुचवू नका. ‘हे उघडं फ्रॅक्चर आहे ना?’ असा प्रश्न चालत नाही. ‘नखाखालच्या जखमेची आणि टोकाच्या पेराच्या फ्रॅक्चरची नोंद आहे, कृपया फ्रॅक्चरचा प्रकार स्पष्ट करा: उघडं, बंद, अन्य, सांगता येत नाही’ असा विचारा. पैशांचा उल्लेख त्यात येताच कामा नये.

अजून एक गंमत. इतका बारकाईने बोलणारा हा कोड, पण दुसरं बोट की पाचवं हे सांगत नाही. चारही बोटं एकाच घरात. ते कळतं उपचाराच्या कोडला लावलेल्या मॉडिफायरवरून: डाव्या अंगठ्याला टीए, पुढच्या बोटांना टी१ ते टी४, उजव्या अंगठ्याला टी५, मग टी६ ते टी९. म्हणून उजव्या करंगळीला टी९. डॉक्टरांनी ‘उजव्या पायाचं बोट’ एवढंच लिहिलं, तर निदानाचा कोड कसाबसा निघेल, मॉडिफायर निघणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘रुग्ण म्हणतो करंगळीचं हाड मोडलं, रिपोर्टमध्ये पाचवं मेटाटार्सल.’ चांगला प्रश्न. मेटाटार्सल हे बोटाच्या मागचं, पावलातलं लांब हाड. त्याचं घर एस९२.३. रुग्णाने बोट दाखवलं तरी एस९२.५ मध्ये जायचं नाही. आणि चार्टमध्ये डॉक्टरांनी बोट आणि रेडिओलॉजिस्टने मेटाटार्सल लिहिलं असेल, तर कोणाचं खरं हे आपण ठरवायचं नाही, तोही प्रश्न डॉक्टरांकडेच जातो.