चिमुकल्या हातांचे पोहे

दिवाळीच्या सुटीत आपण फराळात गुंतलेल्या असतो आणि तीन-चार वर्षांची मुले तापल्या कढईभोवती घोटाळतात. त्यांना हुसकावण्यापेक्षा गोव्यातील नरकचतुर्दशीचे पोहे त्यांच्या स्वाधीन करावेत. भात भिजवून, भाजून कांडलेला असल्यामुळे पोह्यांतील पिष्ट आधीच बरेचसे शिजलेले असते. म्हणून ते विस्तवावाचून मऊ होतात. मुलाने पोहे धुवावेत, गूळ कुस्करावा. आईने काढून दिलेल्या नारळाच्या रसात दोन्ही कालवावे. झाले रोसातले फोव! दह्यातलेही असेच, मिठाला मात्र आपलाच हात बरा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे वा काजू देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. चिवड्यातील दाणेसुद्धा वेचून काढावेत. सांडलवंड होईलच, केरसुणी हाताशी असू द्यावी.