बशीभर दूध आणि मांजराचे पिल्लू

पावसाळ्याच्या तोंडाशी दवाखान्यात मांजराची पिल्ले येऊ लागतात. कोणाला माळ्यावर सापडलेली, कोणी शेजाऱ्यांकडून हौसेने आणलेली. तक्रार बहुधा एकच असते. "डॉक्टर, काल चांगले बशीभर दूध प्यायले, आज मान टाकली." कसले दूध दिले, असे विचारले की अभिमानाने उत्तर येते, "म्हशीचे, घट्ट!"

घोटाळा येथेच होतो. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिने असतात. उलट गाई-म्हशीच्या दुधातली साखर पिल्लाला नीट पचत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब सुरू होतात. महिन्याच्या पिल्लाचे वजन जेमतेम चारशे ग्रॅम. त्याच्या अंगातले पाणी दिवसभरातच आटते. हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या किंवा पिल्लू निपचित पडले, तर उद्याची वाट पाहू नये. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

मग द्यावे काय? आधी वय ओळखावे. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दात दिसू लागतात आणि महिन्याचे पिल्लू बऱ्यापैकी पळते. त्याहून लहान पिल्लाला अन्नाच्या आधी ऊब लागते, कारण पहिले काही आठवडे त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही आणि फुप्फुसात जाण्याचीही भीती असते. म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. फार उकडले तर पिल्लाला दुसरीकडे सरकता आले पाहिजे. अंग उबदार झाल्यावरच, खास पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर कोमट पाण्यात कालवून ड्रॉपरने थेंब थेंब पाजावी. पाजताना पिल्लू पालथेच असावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजणे घातक. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलके पुसावे. आई चाटते तेव्हाच इतक्या लहान पिल्लाला लघवी होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

महिना उलटलेल्या पिल्लाला दुधाची गरज नाही. स्वच्छ पाणी, उकडून बारीक केलेले बिनकाट्याचे मासे किंवा कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे द्यावे. बाजारात पिल्लांचे तयार खाद्य मिळते, तेही चालते. शाकाहारी घरांना हे पचायला जड जाते, पण नुसत्या दूध-पोळीवर मांजर जगवणे म्हणजे त्याला हळूहळू अधू करणे होय. टॉरिन नावाचा घटक मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडते, हे 1987 साली अमेरिकेतील डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी हृदयाच्या बाबतीतही दाखवून दिले.

जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, वजन करूनच द्यावे. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. पिसवा पडल्या तर कुत्र्याचे औषध वापरू नये. त्यातल्या काही औषधांनी मांजर दगावते. तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला विषच.

पिल्लाने मुलाला ओरबाडले वा चावले, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

आणि माळ्यावर पिल्ले दिसली तर लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. ती शिकारीला किंवा नवी जागा शोधायला गेलेली असेल. पिल्ले उबदार असतील आणि ओरडत नसतील, तर दुरून काही तास नजर ठेवा. आई परत आली, तर तुमचे निम्मे काम तीच करील.