गोळे बदला, पण आधी रेघा मोजा
जुन्या लँड क्रूझरचे हायड्रॉलिक सस्पेन्शन घरच्या घरी दुरुस्त करताना

आखाती देशांत नोकरी-धंद्यासाठी गेलेल्या आपल्या कोकणातल्या माणसाला लँड क्रूझर ही गाडी काय चीज आहे, हे सांगावे लागत नाही. कोणी ती चालवली आहे, कोणी गॅरेजमध्ये तिच्याखाली झोपून पाने फिरवले आहेत, तर कोणी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात तिचे जुने पार्ट विकले आहेत. त्यातली '१०० सिरीज' १९९८ साली बाजारात आली आणि २००७ पर्यंत विकली गेली. तिचीच श्रीमंत बहीण म्हणजे लेक्सस एलएक्स ४७०. आज यातली सर्वांत धाकटी गाडीही पंधरा वर्षांच्या पुढे गेली आहे. इंजिन दणकट असल्याने तीन-चार लाख किलोमीटर धावलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि स्वस्तात हात बदलत आहेत.

स्वस्त मिळण्याचे एक कारण म्हणजे तिचे हायड्रॉलिक सस्पेन्शन. लेक्ससमध्ये आणि लँड क्रूझरच्या काही वरच्या मॉडेलांत 'एएचसी' नावाची यंत्रणा असते. एक बटण दाबले की गाडी उभ्या जागी चार-पाच सेंटीमीटर वर होते किंवा खाली बसते. नवी असताना ही मोठी मिजास होती. गाडी जुनी झाली, खड्ड्यात धाडधाड आपटू लागली, की मालक घाबरतो. मग त्याला तीन सल्ले मिळतात. एक म्हणतो पंप बदला, दुसरा म्हणतो सगळी यंत्रणाच उपटून साधी स्प्रिंग घाला, तिसरा म्हणतो गाडी विकून टाका. तिन्ही सल्ले महाग आहेत. यांच्याआधी एक फुकटची तपासणी करायची असते. तिला पाना लागत नाही, फक्त डोळे आणि एक मार्कर पेन लागते. आजचा लेख मुख्यतः त्या तपासणीबद्दल आणि त्यानंतरच्या कामाबद्दल आहे.

यंत्रणा चालते कशी?

तत्त्व जुने आहे. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ साली डीएस ही मोटार आणली, तिच्यात पॉल माजेस या इंजिनिअरने तेल आणि वायू यांच्यावर चालणारे सस्पेन्शन बसवले होते. तेल दाबले तरी आकसत नाही, वायू मात्र आकसतो आणि परत फुगतो. म्हणून तेलाने दांड्याचे काम करायचे आणि वायूने स्प्रिंगचे, अशी ही वाटणी आहे.

लँड क्रूझरमध्ये हीच युक्ती थोड्या फरकाने वापरली आहे. प्रत्येक चाकाशी शॉकअपसारखा दिसणारा एक सिलिंडर असतो. त्यातले तेल नळीने चासीवर बसवलेल्या लोखंडी गोळ्याकडे जाते. गोळ्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन वायू. चाक खड्ड्यात गेले की तेल गोळ्यात शिरते, वायू दबतो, धक्का गिळला जातो. असे चार चाकांचे चार गोळे, शिवाय गाडी झटकन उचलण्यासाठी दाब साठवून ठेवणारी एक वेगळी टाकी. पंप तेल पुरवतो आणि उंची मोजणारे तीन सेन्सर, दोन पुढे व एक मागे, त्याला कधी थांबायचे ते कळवतात.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गाडीचा सगळा भार तेलावर नाही. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारे लांब दांडे आहेत आणि मागे कॉइल स्प्रिंग आहेत. मोठा भार तेच उचलतात, उरलेला भार तेल उचलते. ही भागीदारी आहे. एक भागीदार थकला की त्याचा बोजा दुसऱ्यावर पडतो. पुढे सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

रेघांची तपासणी

रबरी पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षे अगदी हळूहळू निघून जातो. वायू गेला की गोळ्यात तेलच तेल उरते. तेल आकसत नाही, म्हणून गाडी दगडासारखी कडक होते. फसगत इथेच होते. बटण दाबल्यावर गाडी वर-खाली होतच राहते, कारण उचलण्याचे काम पंपाचे आहे, वायूचे नाही. 'उचलते आहे ना, मग सस्पेन्शन ठीक आहे,' असे मालक समजतो आणि टायर, बुश, बॉल जॉइंट बदलत बसतो. धक्का मात्र जात नाही.

गोळे खरेच गेले आहेत का, हे असे पाहावे. गाडी सपाट जागी उभी करा, आत माणसे आणि सामान ठेवू नका. इंजिन चालू ठेवून गाडी सर्वांत खालच्या पातळीवर आणा. बॉनेटखाली एएचसी तेलाची प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्यावर आडव्या रेघा असतात. तेल कोणत्या रेघेवर आहे तिथे खूण करा. आता गाडी सर्वांत वरच्या पातळीवर न्या. तेल चाकांकडे गेल्याने टाकीतली पातळी उतरेल. तिथे दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधल्या रेघा मोजा.

गोळे नवे असतील तर फरक सुमारे १४ रेघांचा येतो. ७ किंवा त्याहून कमी आला तर गोळे संपले असे समजावे. कारण सरळ आहे. वायू शिल्लक असेल तर दाब वाढताना तेलाला गोळ्यात शिरायला जागा मिळते. वायू संपला असेल तर जागाच नाही, म्हणून टाकीतून तेल कमी जाते. फरक ९-१० असेल तर थांबायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे.

गाडी उचलतच नसेल किंवा फार रेंगाळत उचलत असेल, तर दोष दाबात किंवा पंपात शोधावा. एकच कोपरा खाली बसत असेल तर टॉर्शन बार किंवा सेन्सर पाहावा. टाकीतले तेल वरचेवर कमी होत असेल तर गळती शोधावी, विशेषतः गंजलेल्या पाइपांत. गाडी व्यवस्थित उचलते पण कडक चालते, तेव्हाच गोळ्यांवर संशय घ्यावा.

खरा चोर दुसराच असतो

समजा, सहा रेघा आल्या आणि मालकाने चार नवे गोळे आणून बसवले. गाडी गालिच्यावरून चालल्यासारखी चालू लागली. गॅरेजवाल्याचेही नाव झाले. पण काही काळाने तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते आणि या वेळी मालकाच्या बोलण्यात गोडवा नसतो.

असे होते ते थकलेल्या स्प्रिंगमुळे. लाखो किलोमीटरनंतर टॉर्शन बार आणि कॉइल ढिल्या पडतात. त्यांनी सोडलेला भार तेलावर येतो. सेन्सर उंची कायम राखतात, म्हणून गाडी खाली बसलेली दिसत नाही, फक्त तेलाचा दाब वाढतो. तो वाढलेला दाब पडद्याला दिवसरात्र सोसावा लागतो. वर कोणी लोखंडी बंपर, विंच किंवा जादा डिझेल-पेट्रोलची टाकी बसवली असेल तर विचारायलाच नको.

हा दाब डोळ्यांनी दिसत नाही. तो संगणकाच्या स्कॅनरवर वाचावा लागतो. गाडी मधल्या पातळीवर असताना पुढचा दाब साधारण ७ मेगापास्कलच्या आसपास आणि मागचा ६ च्या आसपास असावा. पुढे जास्त असेल तर टॉर्शन बारचे अॅडजस्टिंग बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे, थोडे थोडे आवळावेत, तेही पुढचा भाग जॅकवर उचलून आणि इंजिन बंद ठेवून. साध्या गाडीत हे बोल्ट आवळले की गाडी उंच होते. इथे उंची सेन्सरच्या ताब्यात असल्याने फक्त दाब उतरतो. मागचा दाब जास्त असेल तर नवी कॉइल घालावी. गोळ्यांच्या मानाने हा खर्च लहान आहे, पण तोच गोळ्यांचे आयुष्य ठरवतो.

यंत्रणा उपटून साधे शॉकअप घालू म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. या गाडीचे टॉर्शन बार आणि कॉइल मुळातच अर्धवट भारासाठी बनवलेले आहेत. तेल काढून नुसते शॉकअप लावले तर गाडी पोटावर बसेल. मग चारही ठिकाणी जाड स्प्रिंग घालाव्या लागतात आणि 'स्वस्तातला उपाय' स्वस्त राहत नाही.

अंगणातले काम

पान्याची सवय असलेल्या माणसाला हे काम घरी होऊ शकते. पण घाई करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. दाब ७ मेगापास्कल म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तीसपट. असे तेल बारीक धारेने सुटले तर कातडीत घुसते. डोळ्यांवर चष्मा हवाच. दुसरे, दाब सुटला की अडीच टनांची गाडी खाली बसते. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरलेला माणूस वाचत नाही.

आदल्या दिवशी गोळ्यांच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि आजूबाजूची माती ब्रशने साफ करावी. कामाच्या दिवशी गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, खालच्या पातळीवर आणून इंजिन बंद करावे आणि चाकांना ठोकळे लावावेत. मग जॅकने उचलून चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात. गाडी जॅकवर किंवा घोडीवर असताना इंजिन चालू करू नये, नाहीतर यंत्रणा स्वतःहून पातळी बदलू पाहते.

आता प्रत्येक चाकाच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरे टोक बाटलीत सोडावे. निपल हळू उघडून दाब पूर्ण उतरू द्यावा. त्यानंतरच गोळ्याला चेन पाना लावावा. गोळा सुटताच तोंड स्वच्छ कपड्याने झाकावे, कारण वाळूचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर नवे दुखणे सुरू होते. जुनी रिंग काढून नवी रिंग त्याच तेलात भिजवून बसवावी. नवा गोळा आधी हाताने फिरवून आटे बरोबर लागल्याची खात्री करावी, मगच मॅन्युअलमध्ये दिला आहे तितका आवळावा. पुढचे आणि मागचे गोळे वेगळे असतात, म्हणून पार्ट नंबर पाहिल्याशिवाय हात लावू नये.

तेल फक्त एएचसीचेच घालावे. ब्रेक ऑइल घातले तर रबराची सीले खराब होतात. टाकी भरल्यावर घोड्या काढून गाडी चाकांवर उतरवावी, खाली कोणी नाही हे पाहून इंजिन चालू करावे आणि गाडी उचलू द्यावी. मग इंजिन बंद करून, घोड्या परत लावून, प्रत्येक निपलमधून एअर काढावी. बुडबुडे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते आणि तोवर टाकी रिकामी होऊ देऊ नये. शेवटी रेघा मोजाव्यात, दाब वाचावा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहावेत.

खरेदी करताना आणि भंगारात देताना

जुन्या गाडीतून काढलेला गोळा स्वस्त मिळतो. पण तो घेताना आपण दुसऱ्याने वापरून संपवलेला वायू विकत घेत असतो. बाहेरून रंग दिलेला गोळा आतून भरलेला आहे की रिकामा, हे हातात धरून कळत नाही. वायू पडून असतानाही झिरपतो, म्हणून वर्षानुवर्षे फळीवर पडलेला 'नवा' मालसुद्धा तपासूनच घ्यावा.

भंगारवाल्या भावांसाठी वेगळी सूचना. काढलेल्या गोळ्यात दाब उरलेला असू शकतो. त्यावर गॅस कटर चालवू नये, आगीत टाकू नये. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने वायू काढल्यावरच तो भंगारात द्यावा आणि देताना तोंडाने सांगावे. दोन शब्द न सांगितल्यामुळे कुणाचा तरी हात जायला नको.

धंद्याची गोष्ट

आपल्याकडे अशा लँड क्रूझर थोड्या आहेत, पण हिशेब सगळीकडे तोच आहे. वडापची ट्रॅक्स असो, बोलेरो असो की जुनी सुमो, शॉकअप गळू लागला की आपण शॉकअप बदलतो आणि बसलेल्या पाट्याकडे पाहत नाही. सहा महिन्यांत नवा शॉकअपही गळतो आणि गिऱ्हाईक म्हणते, माल डुप्लिकेट होता. माल चांगला होता, तपासणी अपुरी होती.

म्हणून गॅरेजवाल्यांनी तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत, लाजू नये. बिलावर कामाआधीचा आकडा आणि कामानंतरचा आकडा लिहावा: आधी ६ रेघा, नंतर १४. गिऱ्हाइकाला गाडीतले काही कळत नसले तरी एवढे कळते. पंप चांगला असताना पंप विकला तर त्या दिवशी गल्ला भरतो, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगते ते वेगळेच. 'तुमचा पंप ठीक आहे, स्प्रिंग थकली आहे,' असे सांगणाऱ्या उस्तादाकडे मात्र लोक दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन येतात.