वीज हाताळणाऱ्या हातांची तपासणी

पालघर तालुक्यातील शिरगाव हे सातपाटी आणि माहीम या गावांच्या दरम्यान वसलेले समुद्रकाठचे गाव. येथील किल्ला पर्यटकांना ठाऊक आहे. गावातील तरुणांना मात्र बोईसरची वाट अधिक परिचयाची. बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत असून त्यापलीकडे समुद्रकिनारी तारापूर अणुवीज केंद्र उभे आहे. या केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन संचांची त्यांत भर पडली. अशा औद्योगिक पट्ट्यात वीजतंत्री व तारतंत्री यांच्या हातांना काम मिळावे यात नवल नाही.

हे काम पुष्कळदा दोन ठिकाणी चालते. दिवसा कारखान्यात कंत्राटदाराकडे, आणि संध्याकाळी गावात वाडीतला पंप, नव्या घराचे वायरिंग, उत्सवाच्या मंडपातील दिवे. कारखान्यात कामगाराचा परवाना व आरोग्यपत्रक पाहिले जाणे अपेक्षित असते. गावात त्याच माणसाला असे काही विचारण्याची पद्धत नाही. गावातील २३० व्होल्टची वीज ‘साधी’ असते, हा समज त्यामागे असावा. तो समज निराधार आहे.

मानवी शरीरातून १ मिलिअँपिअर प्रवाह गेल्यास केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातातील तार सोडता येत नाही. ‘विजेने ओढून घेतले’ असे लोक म्हणतात. वस्तुतः वीज ओढत नाही, आखडलेली मूठच उघडत नाही. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर जाऊन काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, परंतु घामाने वा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा स्थितीत २३० व्होल्टच्या तारेला हात लागल्यास सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. शंभर वॅटचा जुना दिवा पेटण्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या हा जेमतेम निम्मा आहे, पण माणसाचा जीव घेण्यास तो पुरेसा ठरतो. किनाऱ्यावरील खारी हवा सांधे गंजवते, अर्थिंगची जोडणी कमकुवत करते. त्यामुळे शिरगावसारख्या गावात ही शक्यता अधिकच गंभीरपणे घ्यावयास हवी.

शरीराची परीक्षा

वीजकामगाराच्या आरोग्य तपासणीत काही गोष्टींना विशेष महत्त्व आहे. खांबावर किंवा शिडीवर चढणाऱ्यास चक्कर, अपस्मार वा अनियंत्रित रक्तदाब असल्यास विजेचा सौम्य धक्काही प्राणघातक ठरतो, कारण धक्क्यापेक्षा पडण्यानेच मृत्यू ओढवतो. मधुमेहाच्या औषधाने अकस्मात साखर उतरणाऱ्या कामगारालाही हाच धोका असतो. हृदयविकाराची शंका असल्यास हृदयाचा विद्युत् आलेख काढणे इष्ट होय. यांपैकी रक्तदाब, साखर व साधी दृष्टी यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

रंगदृष्टीच्या चाचणीकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. आपल्याकडील परंपरागत घरगुती वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. रंगांधळेपणाचा सर्वांत सामान्य प्रकार लाल आणि हिरवा यांत गल्लत करणारा आहे. म्हणजे जिवंत तार आणि संरक्षक तार यांतीलच भेद नेमका हरवतो. हा दोष जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ अधिक आढळतो आणि ज्याला तो आहे त्याला अनेकदा त्याची जाणीवही नसते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून तो काही मिनिटांत ओळखता येतो. चित्रकलेच्या तासाला पाने तपकिरी रंगविणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेस प्रथम येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व्यवसाय निवडण्यापूर्वी त्याची ही चाचणी झाली तर दोन वर्षे शिकून नाकारले जाण्याची निराशा टळेल.

कायद्याची चौकट

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या कामगारांची कामावर नेमण्यापूर्वी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून तीत विहित कामगारांच्या वार्षिक विनामूल्य तपासणीची जबाबदारी मालकावर आहे. तथापि वीजतंत्री हा कोणत्याच एका विभागाचा नसतो. तो आज रसायनाच्या टाकीजवळ, तर उद्या बाष्पकाच्या खोलीत असतो, आणि म्हणूनच तपासणीच्या यादीतून त्याचे नाव सुटण्याचा संभव अधिक.

अणुवीज केंद्राची शिस्त या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार कामावर येताना प्रत्येकाची आणि पुढे वर्गीकृत कामगाराची किमान तीन वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी होते. किरणोत्साराची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट यांपुढे जाऊ द्यावयाची नसते. जड पाण्याच्या संचांत काम करणाऱ्यांच्या लघवीतील ट्रिटियमही मोजतात. दिवा बदलावयास आत गेलेला तंत्रज्ञ यास अपवाद नाही.

कौशल्याच्या परीक्षेबाबत नियम स्पष्ट आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार वीजसंचमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडून करून घ्यावयाचे असते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारख्या, संचमांडणीचे स्वरूप न पालटणाऱ्या किरकोळ कामांना तेवढी सूट आहे. गावोगाव या सवलतीचा अर्थ फारच ताणला जातो. शाळेत नवी जोडणी ओढणे, पाणीपुरवठ्याच्या पंपाची पेटी हलविणे, मंडपासाठी खांबावरून तार आणणे ही किरकोळ दुरुस्ती नव्हे.

ग्रामपंचायत असे काम देते तेव्हा ती स्वतःच काम देणारी असते. तिच्या कार्यादेशात कंत्राटदाराचा व तारतंत्र्याचा परवाना क्रमांक, परवान्याची मुदत आणि वैद्यकीय योग्यतेच्या दाखल्याची तारीख असे तीन रकाने वाढविल्यास खर्च काहीच येत नाही. साधनांचेही तसेच. रबरी हातमोज्यांसाठी आयएस ४७७० हे भारतीय मानक आहे. उच्च दाबाच्या कामाचे मोजे सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घेण्याची प्रथा आहे. रोज वापरण्यापूर्वी मोजा मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडावी आणि ती कोठून सुटते का ते गालाजवळ धरून पाहावे. सुईएवढे छिद्रही कळते.

धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेत कारखाने व उपकेंद्रांत ठळकपणे लावणे बंधनकारक आहे, आणि तेथील नियुक्त कामगारांना त्या प्रत्यक्ष करता येतात याची खात्री मालकाने करावयाची असते. आधी वीजप्रवाह खंडित करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने माणसाला तारेपासून अलग करावे. श्वास बंद असल्यास रुग्णवाहिकेची वाट न पाहता छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. हा फलक शाळेच्या पंपघरात किंवा पंचायतीच्या कार्यालयात लावण्याची सक्ती नाही, परंतु लावण्यास कोणाची परवानगीही लागत नाही.