ट्रॅक डे: गाडी उतरवण्याआधी

देशात हौशी चालकांना वेग अजमावता येईल असे सर्किट मोजकेच. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचे कारी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट ही ठळक नावे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन पथक जागेवर नसेल, तर एकही गाडी ट्रॅकवर सोडू नये. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद!

रोजच्या वापरातल्या गाडीचे ब्रेक इथे सर्वात आधी दगा देतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. मग ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल थेट तळाशी जाते. म्हणून ऑइल नवे हवेच. शेवटची फेरी संथ मारावी, थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये.

नवखे आणि सराईत चालक वेगवेगळ्या गटांत सोडावेत. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात दाखवल्यावरच. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद. लाल दिसला की वेग कमी करून पिटमध्ये परत.

आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणीतले नुकसान धरले जात नाही. हे आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगावे.