कार्लस्टाडच्या बंद दाराआड

27 मे 1905. स्टॉकहोमचा राजवाडा. परदेशात नॉर्वेचे स्वतंत्र वाणिज्य दूत नेमण्याचा कायदा नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, केला होता. स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांचे राजे असलेल्या दुसऱ्या ऑस्कर यांनी त्यावर सही करायचं नाकारलं. नॉर्वेच्या मंत्र्यांनीही त्या नकाराखाली सही केली नाही आणि राजीनामे पुढे केले. राजा म्हणाला, दुसरं मंत्रिमंडळ आता बनणं शक्य नाही, तेव्हा राजीनामे मी स्वीकारत नाही.

नॉर्वेचे पंतप्रधान क्रिस्तियान मिकेलसेन यांनी राजाचं हेच वाक्य पकडलं. मंत्रिमंडळ देऊ न शकणारा राजा राजा म्हणून उरत नाही. आणि दोन देशांना बांधणारा धागा तो एकच, तेव्हा धागाही तुटला. स्टोर्टिंगने 7 जूनला केलेल्या ठरावाचा मुख्य मजकूर पाहिला तर मंत्र्यांनी कारभार चालू ठेवावा, एवढाच. 1814 पासूनची युती संपली, हे त्यात जाता जाता येतं. इतका कसबी मसुदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

स्वीडनला मात्र जनतेचा कौल हवा होता. ही मागणी येणार, हे मिकेलसेन यांनी आधीच ओळखलं आणि ती पुढे येण्याआधीच सार्वमत जाहीर करून टाकलं. दडपणाखाली वाकलो, असं दिसायला नको होतं. 13 ऑगस्टला युती मोडण्याच्या बाजूने 3,68,208 मतं पडली, विरोधात फक्त 184. बायकांना मताचा अधिकार नव्हता. त्यांनी गावोगाव फिरून अडीच लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या. या लढ्यातली मला सगळ्यात भावणारी गोष्ट हीच.

31 ऑगस्टला कार्लस्टाड या स्वीडिश गावात, फ्रीमेसन लॉजच्या इमारतीत, युती मोडण्याच्या अटी ठरवायला दोन्हीकडचे चार-चार जण समोरासमोर बसले. स्वीडनच्या चौघांत यालमार हॅमरशोल्ड होते. महिन्याभरापूर्वीच त्यांच्या घरी मुलगा झाला होता. तोच डॅग पुढे संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस झाला, तोही ट्रिग्वे ली या नॉर्वेजियन माणसानंतर.

घोडं अडलं ते सीमेवरच्या किल्ल्यांपाशी. ते पाडा, असा स्वीडनचा आग्रह. पण हाल्डनचा फ्रेडरिकस्टेन पाडायचा कसा? 1718 मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच किल्ल्याला वेढा घालताना मारला गेला होता. नॉर्वेच्या दृष्टीने तो नुसता दगडमातीचा नव्हता. बोलणी मध्येच थांबली, दोन्हीकडे सैन्याची हालचाल सुरू झाली. अखेर 23 सप्टेंबरला तोडगा निघाला: नवी तटबंदी पाडायची, फ्रेडरिकस्टेन ऐतिहासिक वास्तू म्हणून राखायचा पण लष्करासाठी वापरायचा नाही, आणि सीमेलगत तटस्थ पट्टा आखायचा. दोन्ही बाजूंना मान ताठ ठेवून घरी जाता आलं, हे त्या खोलीतल्या आठ जणांचं खरं कर्तृत्व.

मनाला लागलं ते ऑस्कर यांच्या. नॉर्वेने त्यांच्याच घराण्यातला राजपुत्र गादीसाठी मागितला होता. त्यांनी साफ नकार दिला. मग डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल सातवा हाकोन म्हणून नॉर्वेचा राजा झाला. ऑस्कर 1907 मध्ये गेले. 1929 मध्ये हाकोन यांचा मुलगा उलाव याचं लग्न ऑस्कर यांची नात मार्था हिच्याशी ओस्लोत लागलं, आणि 1991 मध्ये नॉर्वेच्या गादीवर बसलेले पाचवे हाराल्ड हे ऑस्कर यांचे पणतू.