‘सुमोटो’ आणि ‘आपण होऊन’

‘सुमोटो’ हा शब्द आमच्या बीडकडच्या बातम्यांत इतका रुळला आहे, की तो लॅटिन आहे असे सांगितले तर ऐकणारा चमकतो. मूळ शब्द दोन. ‘सुओ’ म्हणजे स्वतःच्या, ‘मोटू’ म्हणजे हालचालीने, प्रेरणेने. इंग्रजी कायद्याने ते जसेच्या तसे उचलले. आपल्या वार्ताहरांनी जोडून एक केले. ‘सुओ’ तर आपल्या ‘स्व’चेच भावंड, आणि त्याला लागलेली विभक्ती इथे आपल्या तृतीयेचे काम करते.

मग ‘मोटू’ की ‘मोटो’? व्याकरणाने ‘मोटू’. ‘मोटो’ म्हणजे ‘हलवलेल्या’. तो अर्थ इथे बसत नाही. पण १९९० च्या राष्ट्रीय महिला आयोग कायद्यात ‘मोटो’ छापले आहे आणि १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात ‘मोटू’. संसद एकच, अंतर तीन वर्षांचे! तेव्हा वार्ताहरांना हसण्यात अर्थ नाही.

या शब्दाचे मोल जिल्ह्याला २०१९ मध्ये कळले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचा वृत्तांत एका इंग्रजी दैनिकात आला आणि महिला आयोगाने त्याची ‘सुमोटो’ दखल घेतली. पुढे राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यांतल्या कोणी अर्ज केला असता? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच अंगावर, पाळीत एक दिवस बसले तरी खाड्याचे पैसे कापले जाणार. तक्रारीला ना सवड, ना बळ.

बातमी वाचून झालेली हालचाल ‘स्वतःची’ कशी, अशी शंका मला विचारली जाते. कायद्याला अभिप्रेत अर्थ त्याहून लहान आहे: समोर अर्जदार नाही, एवढेच. माहिती कुठूनही येवो.

मराठीत यासाठी ‘स्वाधिकारे’ हा शासकीय शब्द आहे. त्यात अधिकाराचा तोरा आहे, म्हणून तो मला रुचत नाही. ‘आपण होऊन’ बरा; त्यात कोणी सांगण्याची वाट न पाहणे आहे.

हीच लॅटिन जोडी माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम ४ मध्येही आहे. सार्वजनिक कार्यालयांनी माहिती आपण होऊन जाहीर करत राहावी, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची वेळ कमी येईल, असे ते सांगते. बीडमधल्या या शस्त्रक्रिया मात्र बहुतांशी खासगी दवाखान्यांत झाल्या, आणि खासगी दवाखान्याला कलम ४ थेट लागू होत नाही.